कारखान्यातली नोकरी, बदलती स्किल्स आणि बडोदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजार, वाडी, मांजलपूर, कारेलीबाग, कुठल्याही मराठी घरात गणपतीला गेलं की आरती झाल्यावर कोणीतरी मुलाला पुढे करतंच, "काकांना विचार काय विचारायचंय ते." ते काका म्हणजे मी, आणि मग फोनवर मला तेच तेच प्रश्न येत राहतात. म्हणून सगळे एकत्र लिहून काढलेत. सोपे आधी, किचकट शेवटी. ज्याचं उत्तर दुसरीकडे दिलंय तिथे फक्त नंबर दिलाय, तो बघा.

१. स्किल मिसमॅच म्हणजे नेमकं काय? नोकऱ्या नाहीत का माणसं नाहीत?

दोन्ही एकाच वेळी खरं आहे, गोंधळ तिथेच होतो. मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) गेटवर 'सीएनसी सेटर पाहिजे', 'टिग वेल्डर पाहिजे' असे बोर्ड (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, टिग हा बारीक वेल्डिंगचा प्रकार) बारा महिने लटकलेले असतात आणि त्याच रस्त्यावर डिप्लोमा झालेली पोरं बायोडाटाची फाइल घेऊन फिरत असतात. कंपनीला जे काम करून हवंय ते पोराला येत नाही, आणि पोराकडे जो कागद आहे त्या कागदाची कंपनीला फारशी गरज नाही, हाच मिसमॅच. सरकारच्या पीएलएफएस या रोजगाराच्या सर्वेत २०२३-२४ साली १५ ते २९ वयाच्या मुलांत रीतसर व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले जेमतेम ५ टक्के निघाले, आणि घरी, उस्तादाच्या हाताखाली किंवा कामावरच बघून बघून शिकलेले २१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याला काम येतं त्याच्याकडे बऱ्याचदा कागद नाही (प्रश्न ११ बघा) आणि कागदवाल्याने मशीनला हात लावलेला नाही. माझं स्पष्ट मत, यात एकट्या पोरांचा दोष नाही, कंपन्यांचाही तितकाच आहे, त्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

२. बडोद्याच्या आसपास कुठे कसलं काम आहे? एकदा नीट सांगा ना.

मकरपुरा आणि मनेजा म्हणजे इलेक्ट्रिकल आणि इंजिनिअरिंग. ट्रान्सफॉर्मर, स्विचगियर, पंप, टर्बाइन, आणि त्यांना पार्ट पुरवणारी शेकडो छोटी युनिटं. नंदेसरी, रणोली, कोयलीची रिफायनरी, बाजव्याचं खताचं कारखाना-गाव, हे सगळं केमिकल आणि पेट्रोकेमिकल, तिथे प्लांट ऑपरेटर, इन्स्ट्रुमेंटवाला (प्लांटवरची मोजमापाची यंत्रं सांभाळणारा) आणि पाइप वेल्डर लागतो. सावली-मंजुसर बाजूला मेट्रो आणि रेल्वेचे डबे बनतात, दिल्ली-मेरठच्या नमो भारत गाड्या तिथल्याच. वाघोडिया रोडला टायर आणि इंजिनिअरिंग. हालोल तसं पंचमहालात येतं पण बडोद्याहून रोज बसेस भरून माणसं जातात, तिथे गाड्या, केबल, टायर. आणि आता विमान, त्यावर प्रश्न ९.

हे एवढ्यासाठी सांगितलं की 'मॅन्युफॅक्चरिंगमध्ये स्कोप आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे. नंदेसरीत जे स्किल सोन्याच्या भावाने जातं त्याला मकरपुऱ्यात कोणी विचारत नाही आणि उलटंही तेच. आधी ठरवा रोज कुठे जाणं जमेल, मग कोर्स बघा. लोक आधी कोर्स करतात आणि नंतर कळतं की त्या कामाची जवळची कंपनी दहेजला (भरूच जिल्ह्यात) आहे.

३. दहावी झाली. आयटीआय, डिप्लोमा का सरळ बारावी सायन्स करून इंजिनिअरिंग?

आपल्या मराठी घरांत या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, इंजिनिअर हो आणि पुण्याला जा. हरकत नाही, पण मुलाला हाताने काम करायला आवडतं का हे एकदा तरी विचारा. गुजरातमध्ये आयटीआय म्हणजे शेवटचा दरवाजा नाही. दोन वर्षांचा ट्रेड करून 'सी टू डी'ने डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमा करून 'डी टू डी'ने डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. या रस्त्याने आलेला इंजिनिअर मी तरी आधी घेईन, त्याला ड्रॉइंग पण वाचता येतं आणि फाइल पण धरता येते. अडचण एकच, सी टू डीने गेलेली मुलं गणितात मार खातात, तेव्हा आयटीआयची दोन वर्षं मॅथ्स सोडून देऊ नका.

याच गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताने काम करणारी शिकलेली माणसं हवीत म्हणून, आजची युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्यातूनच आली. दादासाहेब फाळके पण तिथे शिकले. आता त्याच गावात वर्कशॉपच्या पिरिअडला दांडी मारायची फॅशन आहे, असो.

४. आयटीआयमध्ये कोणता ट्रेड घेऊ?

फिटर आणि इलेक्ट्रिशियन कुठेही चालतात, म्हणून गर्दी तिथेच. मशीनिस्ट किंवा टर्नर घेतला तर पुढे सीएनसीकडे सरळ रस्ता. केमिकल पट्ट्यात जायचं असेल तर एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर, किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, नंदेसरी ते दहेज सगळीकडे याच नावाने भरती निघते. वेल्डर एक वर्षाचाच आहे म्हणून लोक हलका समजतात, तो गैरसमज प्रश्न ७ वाचलात की जाईल. ॲडमिशन घ्यायच्या आधी त्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा. लेथवर धूळ बसलेली असेल आणि टूल कपाटात कुलपात असतील तर समजून जा.

५. काका, सीएनसीचा कोर्स केला, एक वर्ष झालं ऑपरेटर म्हणूनच ठेवलंय. सेटर कधी करणार?

ऑपरेटर काय करतो? जॉब (म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा) लावतो, दरवाजा बंद करतो, सायकल स्टार्ट दाबतो, जॉब काढतो, गेज लावतो. हे आठ दिवसांत कोणालाही येतं आणि म्हणून त्याचा पगार वाढत नाही, आणि उद्या रोबोट आला तर पहिला नंबर याच कामाचा. सेटर म्हणजे नवीन जॉब आला की चकचे सॉफ्ट जॉ (जॉब धरणारे जबडे) बोअर करणं, वर्क ऑफसेट घेणं (जॉब कुठे बसलाय ते मशीनला सांगणं), प्रत्येक टूलची लांबी भरणं, पहिला पीस काढून क्वालिटीकडून पास करून घेणं.

एक उदाहरण सांगतो म्हणजे फरक कळेल. २५ एमएमचा शाफ्ट आहे, ड्रॉइंगवर h7 (छोटा एच) लिहिलंय, म्हणजे साइज २५.००० ते २४.९७९ च्या मध्ये पाहिजे. मायक्रोमीटरने मोजला, २५.०१२ आला. ऑपरेटर सेटरला हाक मारतो. सेटर एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये (व्यासाच्या दुरुस्तीच्या आकड्यात) ०.०२२ कमी करतो, पुढचा पीस २४.९९० ला, म्हणजे टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) साधारण मधोमध पडतो. पण चांगला सेटर त्याच्याही आधी जॉबला हात लावून बघतो. कारण नुकताच मशीनमधून निघालेला स्टीलचा शाफ्ट २० डिग्रीने जरी गरम असला तरी २५ एमएमवर जवळपास ६ मायक्रॉन मोठा दिसतो, आणि गरम असताना करेक्शन मारलं की थंड झाल्यावर पीस तेवढाच लहान भरतो. हे कुठल्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं, आणि कंपनी जेव्हा 'स्किल्ड माणूस मिळत नाही' म्हणते तेव्हा तिला हेच हवं असतं.

तेव्हा तू काय कर, सेटर सेटिंग करत असताना चहाला जाऊ नकोस, शेजारी उभा राहा. जी५४, टूल नोज रेडियस, जी४१-जी४२ हे प्रोग्रॅममध्ये का वापरलं ते विचार. व्हर्नियर सोडून मायक्रोमीटर आणि बोअर गेजवर हात बसव. सहा महिने असं करूनही सेटिंगला हात लावू देत नसतील तर मात्र दुसरी कंपनी बघ, त्यात लाज नाही.

६. तीन महिन्यांचा पीएलसी-स्काडा कोर्स आहे, फी बरीच आहे, '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणतात. करू का?

१०० टक्के प्लेसमेंट लिहिलेलं दिसलं की तिथून लांब राहायचं, हा माझा नियम. कोर्स वाईट नसतो, पण तो काय शिकवतो ते बघा. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, स्काडा म्हणजे प्लांट स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरवर लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) काढून सिम्युलेशनमध्ये दिवा पेटवायला शिकवतात, आणि कारखान्यात जे बंद पडतं ते लॅडर नसतंच बहुतेक वेळा.

पॅकिंग लाइन थांबली, स्क्रीनवर फॉल्ट आला, नवीन पोरगा लॅपटॉप लावून प्रोग्रॅम शोधत बसतो, अर्धी शिफ्ट जाते. मग जुना मेंटेनन्सवाला येतो, पॅनेल उघडून इनपुट कार्डवरचा दिवा बघतो, दिवा पेटत नाही म्हणजे सिग्नल येतच नाहीये, मग वायर धरून धरून लाइनवर जातो आणि प्रॉक्सीच्या (धातू जवळ आला की सिग्नल देणाऱ्या सेन्सरच्या) तोंडावर जमलेला लोखंडाचा कीस फडक्याने पुसतो. लाइन चालू. त्याला प्रोग्रॅमिंग येत नाही पण इनपुट म्हणजे काय ते येतं. ज्याला दोन्ही येतं त्याला बडोद्यात काम शोधावं लागत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी मल्टिमीटर, कॉन्टॅक्टर, रिले, २४ व्होल्टचं वायरिंग, पीएनपी आणि एनपीएन सेन्सरमधला फरक, मोटरचा ड्राइव्ह, मग पीएलसी. इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंटवाल्याने हा कोर्स केला तर पैसे वसूल. बीकॉम करून सरळ पीएलसी कोर्स करणार असाल तर नका करू.

७. वेल्डिंगमध्ये काय भविष्य? सगळं रोबोट करणार ना?

गाडीच्या बॉडीवरचं स्पॉट वेल्डिंग रोबोटनेच होतं, ते काम गेलंच समजा. पण रिफायनरीच्या शटडाऊनमध्ये २० फूट उंचीवर, दोन पाइपांच्या मध्ये जेमतेम हात जाईल अशा जागी रूट (सांध्याचा पहिला थर) मारायला रोबोट जात नाही. तिथे ६जी वेल्डर लागतो. ६जी म्हणजे पाइप ४५ डिग्रीत तिरका पक्का बांधलेला, तो फिरवायचा नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं, खालून, बाजूने, वरून. साधारण टिगने रूट आणि वर आर्कने फिलिंग, मग रेडिओग्राफी किंवा बेंड टेस्ट. ही टेस्ट पास होणारा आणि नुसता 'वेल्डर' यांच्या रोजात खूप फरक पडतो.

आता यातली मेख. बॉयलर-प्रेशर व्हेसलच्या कामात जो एएसएमई या अमेरिकन कोडचा नववा सेक्शन चालतो त्यात क्वालिफाय झालेल्या वेल्डरने एखादी प्रोसेस ६ महिने केलीच नाही तर त्या प्रोसेसची पात्रता जाते, पुन्हा टेस्ट. शिवाय एका कंपनीने क्वालिफाय केलं म्हणजे दुसरी तसंच मानेल असं नाही, ती स्वतःची टेस्ट घेणारच. सावलीला रेल्वेच्या कामात तर वेगळीच युरोपियन मानकं चालतात. त्यामुळे सर्टिफिकेटपेक्षा रोजचा सराव टिकवायचा. आणि ७०१८ रॉड (याला ओलावा चालत नाही) ओव्हनमधून न काढता ओला तसाच वापरणारा वेल्डर मी बघितला की पुढचं काही विचारतच नाही.

रोबोट वेल्डिंग शिकायचं असेल तर जरूर शिका, पण पेंडंट (रोबोटचा रिमोट) धरणारा सर्वात चांगला तोच निघतो ज्याला हाताने वेल्डिंग येतं, कारण गॅप जास्त झाला की पडल (डबकं) कसं वागतं ते त्याला माहीत असतं.

८. ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत जायचंय, त्याचा कोर्स कुठे आहे?

पॉवर ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग पूर्ण शिकवेल असा आयटीआय ट्रेड नाही, इलेक्ट्रिशियनमध्ये छोट्या मोटरचं रिवाइंडिंग शिकवतात तेवढंच. कॉइलवर कागदाचा थर किती ताणायचा, कोरचे लॅमिनेशन रचताना सांधे कसे बसवायचे, हे खात्यात उस्तादाकडूनच येतं. बडोद्यात हे जाणणारी पिढी आता रिटायर होत आलीय आणि जागा भरत नाहीत, तेव्हा हेल्पर म्हणून जरी आत घेतलं तरी वाइंडिंग खात्यातच द्या म्हणून सांगा. टेस्टिंग आवडत असेल तर डिप्लोमा इलेक्ट्रिकल लागेल.

९. टाटा-एअरबसच्या विमान कारखान्यात भरती आहे म्हणे. मुलाने एएमई केलंय, लागेल ना?

कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ ला झालं. एकूण ५६ सी-२९५ विमानांचा करार, त्यातली १६ स्पेनहून तयार आली आणि ४० इथे बनणार. म्हणजे काम आहे, पण शहरातल्या प्रत्येक बेकार मुलाला पुरेल असं नाही आणि 'आत ओळख आहे' म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

एएमईबद्दल मोठा गैरसमज आहे. एएमई म्हणजे विमान मेंटेनन्स इंजिनिअर, त्याचं लायसन्स डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) देतं ते चालू विमानाचा मेंटेनन्स करून ते उडायला ठीक आहे अशी सही करण्यासाठी. विमान बनवण्याच्या लाइनवर वेगळं लागतं, स्ट्रक्चर फिटिंग, अचूक ड्रिलिंग, रिव्हेट, सीलंट, हायड्रॉलिक पाइप, वायर हार्नेस. एएमईची बॅकग्राउंड उपयोगी पडेल, पण चांगला फिटर किंवा शीट मेटलवाला तिथे मागे नाही. आणि तिथलं सर्वात मोठं स्किल म्हणजे प्रत्येक भोक कोणी पाडलं, कोणत्या ड्रिलने, याची नोंद ठेवणं. 'चालतंय की' म्हणणाऱ्या माणसाचं तिथे जमत नाही.

१०. अप्रेंटिसशिप केली की कंपनी पर्मनंट करते का? आणि झाडू मारायला लावतात त्याचं काय?

कायद्याने पर्मनंट करायची सक्ती नाही, करारात तसं लिहिलं असेल तरच. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला, कॉन्ट्रॅक्टवाले धरून, अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. किमान स्टायपेंड ठरलेला आहे, २०१९ च्या नियमांत आयटीआय पासला ७,००० होता, त्याहून कमी कोणी देऊ शकत नाही, रजिस्ट्रेशनच्या वेळी चालू आकडा सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर बघून घ्या. कराराची ऑनलाइन नोंद झाली आहे ना हे पहिल्या महिन्यातच तपासा. नोंद नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाहीच, स्वस्तातले हेल्पर आहात.

झाडू, पॅकिंग, साहेबांचा चहा, हो, होतं असं, बऱ्याच ठिकाणी होतं. थोडं साफसफाईचं काम चालतं, मशीन पुसणं हा पण शिकण्याचाच भाग आहे. पण तीन महिने ट्रेडचं कामच नाही मिळालं तर आधी ट्रेनिंगवाल्या साहेबांना लिहून द्या, नंतर पोर्टलवर तक्रार. रोजचं काय काम केलं त्याची वही ठेवा, मुलाखतीत ती वही दाखवली की सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते.

११. माझे बाबा २५ वर्षं खरादीचं (लेथचं) काम करतायत, मायक्रॉनमध्ये काम येतं, पण कागद एकही नाही. आता नवीन कंपनी कागद मागते. काय करू?

दोन रस्ते आहेत. एक आरपीएल, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट, पीएमकेव्हीवाय या सरकारी कौशल्य योजनेतून होतं. थोडं ओरिएंटेशन, मग प्रॅक्टिकल. दुसरा रस्ता, अनुभवी कामगाराला प्रायव्हेट उमेदवार म्हणून ऑल इंडिया ट्रेड टेस्टला बसता येतं आणि पास झालं की आयटीआयवाल्याला मिळतं तेच एनटीसी (नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट). पहिला सोपा, दुसरा वजनदार. गोरवा किंवा तरसालीच्या आयटीआयमध्ये जाऊन फॉर्म कधी निघतात ते विचारा. बाबांना थिअरीच्या पेपरची भीती वाटेल, तेव्हा संध्याकाळी तुम्ही बसा त्यांच्याबरोबर, लेथचं गिअरिंग त्यांना तोंडपाठ असतं फक्त पुस्तकातलं नाव माहीत नसतं.

अनुभवाचा पुरावा नसेल तर प्रश्न १५ मधली पीएफची युक्ती वापरा.

१२. वय ४६, केमिकल प्लांटमध्ये होतो, प्लांट बंद झाला. आता काय शिकू?

नवीन काही शिकण्याआधी जे येतं त्याची यादी करा. तुम्हाला वासावरून लीक कळतो, परमिटशिवाय व्हेसलमध्ये कोणाला उतरू देत नाही, रात्री दोनला पंप ट्रिप झाला तर आधी काय बघायचं ते माहीत आहे. हे नवीन पोरांकडे नाही. फक्त डीसीएसच्या (कंट्रोल रूममधून प्लांट चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) स्क्रीनची भीती काढा, ट्रेंड वाचायला आणि अलार्म हिस्टरी बघायला शिका. सेफ्टी आणि परमिटचं काम, शिफ्ट इन्चार्ज, ऑपरेटर ट्रेनर, इकडे बघा. पगार आधीपेक्षा कमी मिळेल, ते मनाशी धरूनच निघा.

१३. माझं मकरपुऱ्यात छोटं युनिट आहे. पोरगा शिकवला की मोठ्या कंपनीत जातो. मग कशाला शिकवू?

शेठ, तुमचा राग बरोबर आहे, पण हिशोब पूर्ण करा. सेटर नाही म्हणून मशीन दोन दिवस उभं राहिलं आणि एक लॉट रिजेक्ट झाला तर किती गेले? आणि पोरगा मागत होता तो फरक किती होता? बहुतेक वेळा पोरगा मोठ्या नावासाठी जात नाही, दोन वर्षं शिकून पण हेल्परचाच पगार राहिला म्हणून जातो.

पायऱ्या ठरवा आणि भिंतीवर लावा: मायक्रोमीटर आलं की एवढे वाढतील, स्वतः सेटिंग केलं की एवढे, दोन मशीन सांभाळलीत की एवढे. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घ्यायची पद्धत मात्र बंद करा, ते चूकच आहे आणि त्याने चांगली मुलं पहिल्या दिवशीच पळतात. ४ ते २९ माणसांच्या युनिटला अप्रेंटिस घ्यायची सक्ती नाही पण घेता येतात, आणि एनएपीएस या अप्रेंटिसच्या सरकारी योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. तरीही काही जण जातीलच. तुमच्याकडे आज जो चांगला माणूस आहे, त्यालाही आधी दुसऱ्याच कोणीतरी शिकवलंय.

१४. एआयमुळे कारखान्यातली कुठली कामं जातील?

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या रिपोर्टमध्ये २०३० पर्यंत कामगारांची ३९ टक्के मुख्य स्किल्स बदलतील असं कंपन्यांनी सांगितलंय. जगभरच्या मोठ्या कंपन्यांचं उत्तर आहे ते, मकरपुऱ्यातल्या शेडला तसंच्या तसं लागू नाही. इथे दिसतंय ते असं: नजरेने बाटल्या तपासणं कॅमेऱ्याकडे, रजिस्टरमधून एक्सेलमध्ये आकडे भरणं संपत आलं, लोडिंग-अनलोडिंगला छोटे रोबोट. वाढतंय ते मेंटेनन्स, कॅलिब्रेशन, क्वालिटीचा डेटा वाचता येणं. बाकी प्रश्न ५, ६, ७ मध्ये आलंय.

१५. कॉन्ट्रॅक्टर तीनदा बदलला, काम त्याच मशीनवर. अनुभवाचं लेटर कोणीच देत नाही.

यूएएन (पीएफचा कायमचा) नंबरने पीएफचं पासबुक काढा, त्यात कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात पैसे भरले ते येतं. सर्व्हिस हिस्टरीचं पान पण काढा. सोबत जुने गेटपास, सॅलरी स्लिप, सेफ्टी ट्रेनिंगचे कागद. पीएफच कापत नव्हते तर ती वेगळी तक्रार आहे, पीएफ ऑफिसला करा.

१६. मुलींनी या लाइनमध्ये यावं का?

यावं. वाइंडिंग, वायर हार्नेस, इलेक्ट्रॉनिक असेंब्ली, लॅब आणि क्वालिटीत आजही बऱ्याच आहेत, सीएनसीवर पण येतायत. बघायचं ते बसचा रूट, शिफ्ट किती वाजता सुटते आणि खात्यात बायकांचं टॉयलेट आहे का. मुलाखतीला गेलात की हे तिन्ही सरळ विचारा, विचारलं म्हणून नोकरी गेली तर ती कंपनी तशीच होती.

१७. मेकॅनिकल डिग्री आहे, नोकरी नाही. डिग्री लपवून आयटीआयच्या जागेवर अर्ज करू का?

नको. मला कळतं का वाटतं तसं, ऑपरेटरच्या जागेला डिग्रीवाला घेतच नाहीत, 'टिकणार नाही' म्हणतात. पण सरकारी किंवा पीएसयूच्या जागेत हे उघड झालं तर नोकरी जाते. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत असंच एक प्रकरण गेलं होतं, सरकारी बँकेतल्या प्यूनच्या जागेसाठी ग्रॅज्युएशन लपवलं होतं, कोर्टाने उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला नाही. प्रायव्हेटमध्ये पण खोटी माहिती दिली म्हणून काढता येतं.

त्यापेक्षा पास होऊन फार दिवस झाले नसतील तर एनएटीएस या डिग्री-डिप्लोमावाल्यांच्या सरकारी योजनेतून ग्रॅज्युएट अप्रेंटिस व्हा. किंवा छोट्या युनिटमध्ये जाऊन खरं सांगा, "डिग्री आहे, पण मला सेटिंग शिकायचंय, दोन वर्षं राहतो." छोटे शेठ अशा मुलाला ठेवतात, त्यांना ड्रॉइंग वाचणारा आणि कस्टमरला मेल लिहिणारा एकाच पगारात मिळतो. दोन वर्षांनी तुझ्याकडे पण दोन्ही असेल.

१८. मुलाला लाल-हिरवा रंग नीट कळत नाही. इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यायचाय.

घेऊ नये. वायरचे रंग, पॅनेलवरचे दिवे, सगळं रंगावर चालतं आणि चूक झाली तर शॉक त्यालाच किंवा शेजाऱ्याला. रेल्वेत लोको पायलटच्या मेडिकलमध्ये तर सरळ बाद होतो. फिटर, टर्नर, मशीनिस्टमध्ये रंगाचं काम फार कमी, तिकडे चालतं. केमिकलमध्ये पाइपवर रंगाच्या पट्ट्या असतात, त्यामुळे एओसीपी पण टाळा. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून रिपोर्ट घ्या, कधी कधी दोष अगदी सौम्य असतो.

१९. गल्फमध्ये वेल्डर-फिटरला जास्त पगार आहे. इथे अनुभव घेऊन जाऊ का?

जा, पण एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघूनच. एजंटला कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सर्व्हिस चार्ज घेता येत नाही, जास्त मागितला तर तिथेच उठा. दहावी पास नसेल तर पासपोर्ट ईसीआर (परदेशी कामाला जाताना सरकारी परवानगी लागणारा) येतो आणि आखाती देशांसाठी वेगळी क्लिअरन्स लागते, म्हणून राहिलेली दहावी आधी देऊन टाकलेली बरी. व्हिजिट व्हिसावर 'तिकडे जाऊन बदलून देतो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ट्रेड टेस्ट सहसा इथेच किंवा मुंबईला होते आणि प्रश्न ७ मधली ६जीच असते बऱ्याचदा. टेस्टला जाताना स्वतःचा हेल्मेट, स्वतःचे ग्लोव्हज आणि सवयीचा टॉर्च कप (टिगच्या टॉर्चच्या तोंडावरची टोपी) घेऊन जा, तिथे जे देतात त्यावर हात बसायला निम्मा वेळ जातो.